मो इब्राहिम : टॉवरपासून तख्तापर्यंत

जून २०१० मध्ये भारती एअरटेलने कुवेतच्या झैन कंपनीकडून आफ्रिकेतल्या १५ देशांचा मोबाइल कारभार विकत घेतला. व्यवहार १,०७० कोटी डॉलरचा होता. त्या दिवसांत आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी सुनील मित्तल यांच्या धाडसाबद्दल भरभरून लिहिलं. भारतीय कंपनी आफ्रिकेत पोहोचली, याचा सगळ्यांनाच अभिमान वाटत होता. हे जाळं मुळात कुणी विणलं होतं, हे मात्र फार कुणी विचारलं नाही. झैनकडे त्यातला मोठा भाग आला तो २००५ मध्ये. तेव्हा या कंपनीचं नाव एमटीसी होतं आणि तिने सेलटेल नावाची कंपनी सुमारे ३४० कोटी डॉलरला खरेदी केली होती. ही सेलटेल उभी केली होती मोहम्मद इब्राहिम या सुदानी अभियंत्याने. जग त्यांना मो इब्राहिम म्हणतं.

आपल्या घरांत आफ्रिका दोन-तीनच वाटांनी येते. हजरत बिलाल यांच्या गोष्टीतून येते. मलिक अंबर आणि जंजिऱ्याच्या सिद्दींच्या इतिहासातून येते. कोकणातल्या काही घरांत मोम्बासा किंवा केप टाऊनला गेलेल्या एखाद्या चाचा-मामूंच्या आठवणींतून येते. आजची आफ्रिका या वाटांवर भेटत नाही. मी शिक्षक आहे. वर्गात आफ्रिका म्हटलं की मुलं सिंह, वाळवंट आणि भूक एवढंच सांगतात. दुसरीकडे आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणाऱ्या मुस्लिम शास्त्रज्ञांच्या याद्या इब्न सीना, अल-ख्वारिझ्मीपासून सुरू होतात आणि मधली सात-आठशे वर्षं ओलांडून थेट कलाम साहेबांवर येतात. त्या यादीत आणखी एक नाव घुसवावं म्हणून मी हे लिहीत नाही. मो इब्राहिम स्वतःची ओळख आफ्रिकन म्हणून सांगतात, आणि ती तशीच राहू द्यावी. त्यांच्या आयुष्याने एक प्रश्न पुढे आणला आहे, मला त्यात रस आहे. तंत्रज्ञान गरिबाच्या हातात पोहोचलं, पण राज्य तेच राहिलं, तर काय होतं?

त्यांचा जन्म ३ मे १९४६ रोजी सुदानमध्ये, एका नुबियन कुटुंबात झाला. नुबिया म्हणजे नाईल नदीकाठचा, इजिप्त आणि सुदान दोघांत विभागलेला प्रदेश. त्याची भाषा वेगळी, इतिहास फार जुना. विसाव्या शतकात याच प्रदेशाचा मोठा भाग आस्वानच्या उंच धरणाखाली गेला आणि नुबियन लोकांना गावंच्या गावं सोडून दूर वसावं लागलं. उजनी आणि कोयनेच्या धरणग्रस्तांबद्दल वाचलेल्या माणसाला ते दुःख समजावून सांगावं लागणार नाही. इब्राहिम लहान असतानाच घर इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला गेलं. तिथल्या विद्यापीठातून ते विद्युत अभियंते झाले, सुदानला परतले आणि सरकारी दूरसंचार खात्यात लागले. १९७४ मध्ये ते ब्रिटनला गेले. आधी ब्रॅडफर्ड विद्यापीठात एमएस्सी आणि मग बर्मिंगहॅमला मोबाइल दळणवळणात पीएचडी. उर्दू वाचकांना ब्रॅडफर्ड ओळखीचं आहे, तिथल्या कापड गिरण्यांत राबायला मीरपूरहून किती माणसं गेली हे आपण ऐकलेलं आहे. त्याच शहरातून एक सुदानी विद्यार्थी हवेतल्या लहरींचं शास्त्र शिकून गेला.

या शास्त्राबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. रेडिओच्या लहरींना जागा मर्यादित असते. एका शहरात एकच मोठा टॉवर उभा केला तर एका वेळी मोजकेच लोक बोलू शकतात. सेल्युलर पद्धतीत शहराचे लहान लहान भाग पाडतात, त्यांना सेल म्हणतात. प्रत्येक सेलला स्वतःचा कमी ताकदीचा टॉवर असतो. मग एका सेलमध्ये वापरलेली लहर थोडं अंतर सोडून दुसऱ्या सेलमध्ये पुन्हा वापरता येते. माणूस चालत्या गाडीत असला तर एक टॉवर त्याला दुसऱ्याच्या हवाली करतो. ऐकायला सोपं आहे. पण लहर डोंगराला अडते, इमारतीवर आपटून परत येते, पाण्यावरून लांब जाते. टॉवर नेमका कुठे लावायचा, हे ठरवण्याआधी लहर कशी वागेल याचा हिशेब मांडावा लागतो. इब्राहिम यांचा हात या हिशेबावर बसला होता.

१९८३ मध्ये ते ब्रिटिश टेलिकॉमच्या सेलनेट या नव्या कंपनीत तांत्रिक संचालक झाले. जानेवारी १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये मोबाइल सेवा सुरू झाली तेव्हा व्होडाफोन आणि सेलनेट अशा दोनच कंपन्या मैदानात होत्या. तिथे पाच-सहा वर्षं काढल्यावर मोठ्या कंपनीच्या संथ कारभाराला कंटाळून ते १९८९ मध्ये बाहेर पडले आणि एमएसआय नावाची सल्लागार कंपनी काढली. तिचं 'प्लॅनेट' नावाचं सॉफ्टवेअर नेमकं तेच काम करत असे, टॉवरची जागा ठरवण्याचं. नव्वदच्या दशकात देशोदेशी मोबाइलचे परवाने वाटले जात होते आणि प्रत्येक नव्या कंपनीला हा हिशेब करून देणारं कुणीतरी हवं होतं. एमएसआय वाढत गेली. २००० मध्ये मार्कोनी कंपनीने ती ९० कोटी डॉलरहून अधिक किमतीला घेतली. इथे थांबले असते तरी ते श्रीमंत आणि यशस्वी म्हणवले गेले असते. पण मग त्यांच्यावर लेख लिहायचं मला काही कारण नव्हतं.

सल्लागार म्हणून त्यांना एक गोष्ट खटकत होती. त्यांचे गिऱ्हाईक जगभर परवाने घ्यायला धावत होते, मात्र सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडे कुणी बघत नव्हतं. त्या काळात एक तुलना सतत दिली जाई, की अख्ख्या सहारा-दक्षिण आफ्रिकेत जेवढे फोन आहेत त्याहून जास्त एकट्या मॅनहॅटनमध्ये आहेत. इब्राहिम एक किस्सा सांगतात. युगांडाचा परवाना अगदी स्वस्तात मिळत होता, म्हणून त्यांनी एका बड्या कंपनीच्या अधिकाऱ्याला तो घ्या म्हणून सुचवलं. तो म्हणाला, इदी अमीनसारख्या वेड्या माणसाच्या देशात पैसे गुंतवतो, असं मी संचालक मंडळाला कसं सांगू? इदी अमीन १९७९ मध्येच पळाला होता. दीड दशक उलटलं तरी लंडनच्या कार्यालयांत तोच युगांडाचा राष्ट्राध्यक्ष होता. १९७२ मध्ये त्याने हाकललेल्या आशियाई कुटुंबांमुळे आपल्याकडेही युगांडा म्हणजे अमीन, हे समीकरण पक्कं आहे. आफ्रिकेत गुंतवणूक न होण्याचं एक कारण गरिबी होतं हे खरं, पण अज्ञान हेही एक कारण होतं, आणि त्याची किंमत कुणी मोजत नव्हतं.

दुसऱ्यांनी ऐकलं नाही, तेव्हा १९९८ मध्ये त्यांनी स्वतःच एमएसआयमधून आफ्रिकेसाठी वेगळी कंपनी काढली. तीच पुढे सेलटेल झाली. बँका कर्ज द्यायला तयार नव्हत्या. बराचसा पसारा भागभांडवलावर उभा करावा लागला. त्यात जागतिक बँकेच्या गटातली आयएफसी आणि ब्रिटनची सीडीसी अशा संस्थांचाही पैसा होता.

परवाना मिळाला म्हणजे काम झालं, असं तिथे नव्हतं. युरोपात टॉवर उभा करणारी कंपनी वीज आणि रस्ता गृहीत धरते. इथे दोन्ही नव्हतं. प्रत्येक टॉवरखाली डिझेल जनरेटर, त्याला जोडीला दुसरा जनरेटर, आणि डिझेल पोहोचवायला काही ठिकाणी आधी रस्ता तयार करायचा. एका टॉवरपासून दुसऱ्याकडे संभाषण नेणाऱ्या जमिनीखालच्या तारा युरोपात सरकारी कंपनीकडून भाड्याने मिळतात. इथे त्याही नव्हत्या. मायक्रोवेव्हच्या ताटल्या किंवा थेट उपग्रह, एवढेच मार्ग होते.

किन्शासा आणि ब्राझाव्हिल यांचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. या दोन देशांच्या राजधान्या. मधून काँगो नदी वाहते, एका काठावरून दुसरं शहर डोळ्यांना दिसतं. पण या काठावरून त्या काठावर फोन लावला तर तो उपग्रहावरून युरोपात जायचा आणि तिथून परत यायचा. वसाहतींच्या काळात सगळ्या तारा पॅरिस, ब्रसेल्स आणि लंडनकडे नेल्या होत्या, शेजाऱ्याकडे एकही नाही. स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षं हीच रचना राहिली. सेलटेलने नदीवरून मायक्रोवेव्हचा थेट दुवा जोडला आणि त्या फोनचा दर कोसळला. इतिहास शिकवताना मी वसाहतवादाची कारणं आणि परिणाम फळ्यावर लिहितो. नदीकाठच्या त्या एका फोनमध्ये त्यातले निम्मे परिणाम आले.

दुसरा प्रश्न पैशांचा होता. गिऱ्हाइकाकडे बँक खातं नाही, धड पत्ता नाही; महिन्याचं बिल पाठवायचं कुठे? उत्तर होतं प्रीपेड. खरवडायचं कार्ड, त्यावरचा नंबर, आणि तेवढ्याच पैशांचं बोलणं. पानटपरीसारख्या छोट्या दुकानांतून ही कार्डं विकली जाऊ लागली आणि हजारो लोकांना त्यातून धंदा मिळाला. कंपनीलाही पैसे आधी मिळत. आपल्याकडे हे वेगळं सांगायला नको. १९९५ मध्ये भारतात मोबाइल आला तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि तो कुणाच्या हातात असे ते आपण पाहिलं आहे. रिक्षावाल्याच्या आणि भाजीवालीच्या हातात तो गेला तो छोट्या रिचार्जमुळे. मिस्ड कॉल देऊन फुकटात निरोप पोहोचवण्याची युक्तीही दोन्हीकडे एकाच वेळी जन्माला आली. त्यावर पेटंट मागायला कुणी गेलं नाही.

पण इब्राहिम यांच्या कारभारातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट तांत्रिक नाही. ती रिश्वतची आहे.

आफ्रिकेत धंदा म्हणजे मंत्र्याला पाकीट, असं बाहेरच्या कंपन्या गृहीत धरत होत्या, आणि बऱ्याचदा पाकीट देणाऱ्या त्याच असत. सेलटेलने ठरवलं की लाच द्यायची नाही. असं ठरवणं सोपं असतं. खरी अडचण वेगळीच असते. राजधानीतल्या एखाद्या तिशीतल्या व्यवस्थापकाला राष्ट्राध्यक्षाच्या पुतण्याचा फोन येतो, तेव्हा त्याने एकट्याने काय करायचं? म्हणून त्यांनी एक नियम केला, तो ते अनेकदा सांगतात. ३० हजार डॉलरच्या वरची कोणतीही रक्कम संचालक मंडळाच्या मंजुरीशिवाय कुणालाच देता येणार नाही. व्यवस्थापकाला हात वर करता येऊ लागले. माझ्या हातात नाही, मंडळाला विचारा. आणि मंडळावर कोण होते? सलीम अहमद सलीम होते. झांझिबारचे, टांझानियाचे माजी पंतप्रधान, आणि १९८९ ते २००१ अशी बारा वर्षं आफ्रिकी एकता संघटनेचे सरचिटणीस. साठच्या दशकात ते टांझानियाचे भारतातले उच्चायुक्तही होते. अशा बुजुर्ग माणसाकडे पाकीट मागायला कुठला मंत्री धजावेल? आपल्याकडे प्रामाणिकपणा म्हणजे माणसाचा स्वभाव, असं आपण धरून चालतो. एखादा साहेब खात नाही, याचं कौतुक करतो आणि तो बदलून गेला की गप्प बसतो. इब्राहिम यांनी प्रामाणिकपणा स्वभावावर सोडला नाही, त्याची कागदावर व्यवस्था लावली. मदरशांपासून पतसंस्थांपर्यंत आणि वक्फच्या कमिट्यांपर्यंत किती ठिकाणी या साध्या नियमाची गरज आहे, याची यादी वाचकांनीच करावी.

यात सेलटेल एकटी होती असं नाही. त्याच काळात झिम्बाब्वेत स्ट्राइव्ह मासियिवा हे उद्योजक परवान्यासाठी सरकारशी पाच वर्षं कोर्टात लढत होते. त्यांची इकोनेट १९९८ मध्ये सुरू झाली. दोघांच्या वाटा वेगळ्या, पण अडवणारी भिंत एकच होती.

काही वर्षांत सेलटेल १३ देशांत पोहोचली. युगांडा, झांबिया, मलावी, सिएरा लिओन, दोन्ही काँगो, गॅबन, चाड, नायजर, बुर्किना फासो, टांझानिया, केनिया, आणि सुदान. सुदानच्या मोबिटेल कंपनीत सेलटेलचा ३९ टक्के वाटा होता. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सप्टेंबर २००६ मध्ये, म्हणजे कंपनी विकल्यानंतर पण इब्राहिम अजून अध्यक्ष असताना, 'वन नेटवर्क' सुरू झालं. केनिया, युगांडा आणि टांझानियात कुठेही जा, सिम तेच, रोमिंगचा भुर्दंड नाही, येणारा फोन फुकट. ट्रक घेऊन सीमा ओलांडणारे ड्रायव्हर, मासळी आणि कापड विकणाऱ्या बायका यांच्यासाठी ही किती मोठी गोष्ट होती! युरोपीय संघाने आपल्या देशांत रोमिंगचे दर काढून टाकले ते जून २०१७ मध्ये. पूर्व आफ्रिका त्यांच्या दशकभर पुढे होती. हे वाक्य फार वेळा लिहायला मिळत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मोबाइलवरून पैसे पाठवण्याचा प्रयोगही सेलटेलने फार आधी केला. झांबियात आणि काँगोत 'सेलपे' नावाची सेवा काढली होती. ती फारशी रुजली नाही आणि २००५ मध्ये विकली गेली. मार्च २००७ मध्ये केनियात सफारीकॉमने एम-पेसा सुरू केलं आणि इतिहासात नाव त्यांचं झालं. सेलपेचा भर व्यापाऱ्यांच्या देण्याघेण्यावर होता. एम-पेसाने शहरात राबणाऱ्या मुलाचे पैसे गावातल्या आईपर्यंत पोहोचवले, आणि त्यासाठी कोपऱ्याकोपऱ्यावर एजंट बसवले. इब्राहिम यांच्यावरच्या स्तुतीपर लेखांत हा भाग सहसा गाळलेला असतो.

आता टीकेचा मुद्दा. सेलटेलचं मुख्यालय नेदरलँड्समध्ये होतं. बहुतेक कर्मचारी आफ्रिकन होते, त्यांच्याकडे कंपनीचे भागही होते, आणि इब्राहिम सांगतात की विक्रीच्या दिवशी त्यातले सुमारे शंभर जण डॉलरमध्ये लखपती झाले. हे चांगलंच झालं. पण जाळं मात्र कुवेतकडे गेलं, कुवेतकडून दिल्लीकडे. ३४० कोटींची वस्तू, त्यात नायजेरियासारखे आणखी काही देश मिळवून, पाच वर्षांनी १,०७० कोटींची झाली, आणि ही वाढ आफ्रिकेच्या खिशात गेली नाही. एअरटेलला तरी ती लगेच पचली असं नाही. वर्षानुवर्षं तोटा झाला, हजारो टॉवर विकावे लागले, २०१६ मध्ये बुर्किना फासो आणि सिएरा लिओन फ्रान्सच्या ऑरेंजला दिले, आणि मग २०१९ मध्ये एअरटेल आफ्रिका लंडनच्या शेअर बाजारात नोंदवली गेली. आफ्रिकेचं डिजिटल परिवर्तन असं आपण म्हणतो, तेव्हा त्या परिवर्तनाची मालकी कुणाची, हा प्रश्न इब्राहिम यांनाही सुटलेला नाही. माझ्या मते त्यांनी तो पुरेसा विचारलाही नाही.

त्यांनी विचारला तो वेगळाच प्रश्न. २००६ मध्ये त्यांनी मो इब्राहिम फाउंडेशन स्थापन केलं. शाळा, दवाखाने, विहिरी हे सगळं त्यांना करता आलं असतं आणि वाहवाही मिळाली असती. त्यांचं म्हणणं पडलं की आफ्रिकेत जमीन आहे, खनिजं आहेत, तरुण आहेत. अडलंय ते राज्यकारभारापाशी. म्हणून फाउंडेशन दोन कामं करू लागलं. पहिलं, २००७ पासून आफ्रिकी देशांच्या कारभाराचा निर्देशांक. कायदा-सुव्यवस्था, लोकांचा सहभाग आणि हक्क, आर्थिक संधी, शिक्षण-आरोग्य यांचं मोजमाप आणि देशांची क्रमवारी. एका अभियंत्याला हेच सुचणार, आधी मोजा. दुसरं काम म्हणजे बक्षीस. लोकशाही मार्गाने निवडून आलेल्या, घटनेत सांगितलेली मुदत संपल्यावर खुर्ची सोडलेल्या आणि उत्तम कारभार केलेल्या राष्ट्रप्रमुखाला दहा वर्षांत मिळून ५० लाख डॉलर, आणि त्यानंतर हयातभर दरवर्षी २ लाख.

यावर टीका झाली, आणि ती समजण्यासारखी आहे. कर्तव्य केलं म्हणून बक्षीस कशाला? आणि ज्याने देशाच्या तिजोरीतून शेकडो कोटी उचलले, तो ५० लाखांसाठी सुधारेल का? इब्राहिम यांचं उत्तर असं असतं की युरोपातला निवृत्त पंतप्रधान पुस्तकं लिहितो, भाषणांचे पैसे घेतो, कंपन्यांच्या मंडळांवर बसतो. आफ्रिकेतल्या सरळ माणसाला खुर्ची सोडल्यावर घर चालवण्याचीही भ्रांत असते, आणि ही भीती त्याला खुर्चीला चिकटून ठेवते. मला हे उत्तर अर्धं पटतं. पण या बक्षिसाबद्दल मला आदर वाटतो तो दुसऱ्याच कारणाने. ते बहुतेक वर्षी दिलं गेलेलंच नाही. २००७ मध्ये मोझांबिकचे जोआकिम चिसानो, २००८ मध्ये बोत्सवानाचे फेस्टस मोगाय. मग २००९ आणि २०१० रिकामी. २०११ मध्ये केप व्हर्डेचे पेद्रो पिरेस. पुन्हा दोन वर्षं रिकामी. २०१४ मध्ये नामिबियाचे पोहाम्बा, २०१७ मध्ये लायबेरियाच्या एलेन जॉन्सन सरलीफ, २०२० मध्ये नायजरचे महामदू इसुफू. मंडळावर आधी कोफी अन्नान आणि नंतर तेच सलीम अहमद सलीम होते. लायक माणूस सापडला नाही, असं त्यांनी सरळ जाहीर केलं. आपल्याकडे पुरस्कार आधी ठरतो आणि माणूस नंतर शोधला जातो. त्या पार्श्वभूमीवर रिकामी खुर्ची मला बरी वाटते.

इसुफू दोन मुदती पूर्ण करून बाजूला झाले आणि मोहम्मद बझूम निवडून आले. नायजरच्या इतिहासात निवडून आलेल्या एका राष्ट्राध्यक्षाने निवडून आलेल्या दुसऱ्याच्या हाती सत्ता देण्याची ही पहिली वेळ होती. जुलै २०२३ मध्ये बझूम यांच्याच रक्षकांनी त्यांना कोंडलं आणि लष्कराने सत्ता घेतली.

आणि सुदान. एअरटेलने २०१० मध्ये जे १५ देश घेतले त्यांत सुदान नव्हता, तो झैनकडेच राहिला. मोबिटेलमधला सेलटेलचा तो ३९ टक्के वाटा आणि सुदानी कंपनीचा उरलेला ६१ टक्के, दोन्ही कुवेतकडे गेले होते आणि मोबिटेलची झैन सुदान झाली होती. एप्रिल २०१९ मध्ये जनतेच्या आंदोलनापुढे ओमर अल-बशीर यांची तीस वर्षांची सत्ता कोसळली. त्या आंदोलनात पोरापोरींनी फोनवरच निरोप फिरवले होते. ३ जूनला खार्तूममध्ये लष्करी मुख्यालयासमोर बसलेल्या निदर्शकांवर गोळीबार झाला, शंभरहून अधिक माणसं मेली, आणि त्याच दिवशी लष्करी राजवटीने इंटरनेट बंद करवलं. टॉवर उभे होते, जनरेटर चालू होते, आदेश तेवढा आला होता. एका वकिलाने झैनवर दावा लावला. कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि तो दाव्यात एकटाच असल्यामुळे इंटरनेट फक्त त्याच्या एकट्याच्या सिमवर चालू झालं. मग त्याने पुन्हा कोर्टात जाऊन बाकीच्यांसाठीही ते मिळवलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ते सगळ्यांना परत मिळालं. आपल्याला हे दूरचं वाटू नये. त्याच वर्षी ५ ऑगस्टपासून काश्मीरमध्ये फोन आणि इंटरनेट बंद झालं, आणि तिथे फोर-जी पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं.

१५ एप्रिल २०२३ रोजी सुदानमध्ये लष्कर आणि आरएसएफ या निमलष्करी दलात युद्ध पेटलं. लाखो लोक खार्तूम सोडून गेले. नोटा मिळेनाशा झाल्या. परदेशात असलेला भाऊ, मुलगा 'बंकक' या बँकेच्या अॅपवर पैसे पाठवी, आणि त्यावरच घरं चालत. मोहल्ल्यातल्या तरुणांनी चालवलेली सामुदायिक स्वयंपाकघरंही याच अॅपवर आलेल्या देणग्यांवर उभी होती. फेब्रुवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात झैन, एमटीएन आणि सुदानी या तिन्ही कंपन्यांचं जाळं बंद पडलं. खार्तूममधली मुख्य यंत्रणा आरएसएफच्या ताब्यातल्या भागात होती. सरकारने त्यांच्यावर ठपका ठेवला, त्यांनी तो नाकारला. पैसे येणं थांबलं तसे खार्तूममधल्या अनेक स्वयंपाकघरांच्या चुली विझल्या. काही गावांत चोरवाटेने आणलेले उपग्रह-इंटरनेटचे संच आले. ज्याच्याकडे असा संच होता तो वेळेच्या हिशेबाने पैसे घेऊन लोकांना बसवू लागला, आणि लोक आपापला फोन हातात धरून, आपल्याकडे कधीकाळी एसटीडीच्या पिवळ्या पाटीखाली उभे राहायचे तसे, रांगेत उभे राहू लागले.